पृथक कक्षातल्या निरंजनला

प्रिय निरंजन,

हे पत्र तुला देवश्री वकिलांच्या हातून मिळेल, म्हणजे जेलच्या ऑफिसात ते कोणी आधी फोडून वाचलेलं नसेल. पोस्टानं पाठवते ती पत्रं मी हिंदीत, चार ओळींत आणि सगळं ठीक आहे अशा थाटात लिहिते, कारण ती तुझ्याआधी दोन माणसं वाचतात आणि त्या दोघांना आपल्या घरातली कढी उतू गेली की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही. हे मात्र मराठीत लिहिते आहे आणि लांबलचक लिहिणार आहे. तुझं मराठी वाचन अडखळत चालतं हे मला ठाऊक आहे. शाळा हिंदी, दोस्त हिंदी, मी मराठीत विचारलं की तू हिंदीत उत्तर देणार, असंच तुझं लहानपण गेलं. अडलं तर देवश्रीला विचारू नकोस, तिचं मराठी तुझ्याहून कच्चं आहे. वेळ तुझ्याकडे भरपूर आहे, सावकाश वाच.

घरचं बरं चाललं आहे. नीलकंठकाकांनी दुकानाला नवं शटर बसवलं. ते वर ढकललं की सगळ्या तात्यापारा मोहल्ल्याला दुकान उघडल्याची वर्दी जाते, आणि काकांना नेमकं तेच हवं होतं. माझा गुडघा डॉक्टरांच्या मते वयाप्रमाणे आहे, म्हणजे दुखतो. परवा गोल बाजारात जाऊन तुझ्यासाठी गमछा घेतला. लांब गमछा तुमच्याकडे आत जाऊ देत नाहीत, म्हणून दुकानदाराला तो मधोमध फाडून द्यायला सांगितलं. त्याने कारण विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कारण तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, तेवढं पुरे.

निवृत्त झाल्यापासून सकाळी कुठे जायचं नसतं, तरी मी साडी नेसून, वेणी घालून तयार होऊन बसते. सवय जात नाही. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, तेव्हा भोपाळहून ट्रक भरभरून फाइली आल्या होत्या आणि आम्ही जुन्या इस्पितळाच्या इमारतीत, वॉर्डातल्या खाटा हलवलेल्या जागी टेबलं मांडून बसलो होतो, ते तुला आठवत असेल. तू एकदा डबा द्यायला आला होतास आणि इथे औषधाचा वास येतो म्हणून नाक दाबून उभा राहिला होतास. माझं काम बदल्यांचे आदेश टाइप करण्याचं. प्रत्येक आदेशात एक ओळ ठरलेली असायची, ‘प्रशासनिक कारणों से’. ही ओळ जिथे असते तिथे खरं कारण असतंच, फक्त ते लिहिण्यासारखं नसतं. कोणाचं साहेबांशी पटलेलं नसायचं, कोणी नको तिथे नको ते विचारलेलं असायचं. मी ती ओळ इतक्यांदा टाइप केली की बोटं आपोआप चालायची आणि डोक्यात रात्रीच्या भाजीचा विचार असायचा. माणूस कुरकुरत जगदलपूरला जायचा, तिथे बिऱ्हाड थाटायचा, मुलांना शाळेत घालायचा. त्याचं पुढे काय होतं हे बघायचं काम माझं नव्हतं. तुला वेगळं ठेवण्याच्या आदेशात तीच ओळ वाचली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की ही टाइप करणारीही कोणीतरी असेल, तीही रात्रीच्या भाजीचाच विचार करत असेल. मला तिचा राग आला नाही. येत नाही, काय करू?

तू जे केलंस त्याबद्दलही मी कोणाशी भांडले नाही, हे तुला माहीत आहे. गणपतीच्या विसर्जनाला आडवी लावलेली गाडी काढण्यावरून बाचाबाची होते, त्यात एक माणूस मरतो आणि लोखंडी गज माझ्या मुलाच्या हातात असतो, यात भांडायला काय उरतं? त्या माणसाची बायको, सरिता, आपल्याच गल्लीच्या टोकाला राहते. नवरा गेल्यापासून शाळेत मुलांचं दुपारचं जेवण बनवायला जाते. ती समोरून आली की मी रस्ता बदलत नाही आणि तीही बदलत नाही. आम्ही एकमेकींकडे बघतो आणि पुढे जातो. कोर्टाने तुला दहा वर्षांची कैद दिली. ती मी उभी राहून ऐकली, तुझ्या बाबांनी बसून ऐकली, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. अपील कर म्हणून सगळ्यांनी सांगितलं, तू नको म्हणालास. मला तेव्हा बरं वाटलं होतं, ते तुला कधी बोलले नाही. पण त्या निकालात याला एकटं ठेवा असं कुठेही लिहिलेलं नाही. मी तो इतक्यांदा वाचला आहे की त्यातल्या टायपिंगच्या चुकाही मला पाठ आहेत. त्यांनी तुला कैद दिली, माणसांतून उठवलं नाही. माझं भांडण एवढंच आहे.

सगळं सुरू झालं तुझ्या त्या अर्जापासून. उन्हाळ्यात तुमच्या बराकीचं पाणी आटलं आणि तू सगळ्यांच्या वतीने अर्ज लिहिलास. विषय, संदर्भ, महोदय, सविनय निवेदन, आणि खाली बराकीतल्या सगळ्यांचे अंगठे. शाळेला दांडी मारलीस की मी तुझ्याकडून असेच अर्ज लिहून घ्यायचे, समास चुकला की परत लिहायला लावायचे. तो अर्ज इतका नीटनेटका होता की साहेबांना वाटलं, हा माणूस धोक्याचा आहे. तू भिंतीवर कोळशानं ‘पाणी नाही’ असं खरडलं असतंस तर दोन शिव्या खाऊन सुटला असतास. मग बराकीनं एक दिवस जेवण परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी तू वेगळ्या खोलीत. कागदावर तिचं नाव पृथक कक्ष, तुमच्या आतल्या लोकांच्या तोंडी तनहाई. एक खोली, कोपऱ्यात संडास, आणि दाराबाहेर भिंतींनी वेढलेलं अंगण, ज्यात दिवसातून एकदा एकट्यानं फेऱ्या मारायच्या. जेलचं म्हणणं असं की ही शिक्षा नाही, व्यवस्था आहे, आणि तीही तुझ्याच सुरक्षेसाठी. शिक्षा असती तर तिला मुदत असती, तुला काही विचारावं लागलं असतं, डॉक्टरांचा कागद लागला असता. व्यवस्थेला यातलं काहीच लागत नाही. आपली सगळी केस या एका गोष्टीवर उभी आहे.

तू आत, म्हणून याचिका माझ्या नावानं झाली. श्रीमती प्रेमला, पति स्वर्गीय श्यामराव, विरुद्ध राज्य. राज्याला माझ्याविरुद्ध उभं राहावं लागलं हे वाचून काकांची छाती फुगली होती, तुला मी सांगितलं असेल. देवश्री तेव्हा नुकतीच वकिली करायला लागली होती. तिचे आजोबा रेल्वेत बाबांच्या बरोबर होते, म्हणून मी तिच्याकडे गेले. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, ‘आंटी, मैं समझती सब हूँ, बस बोल नहीं पाती.’ मी म्हटलं, बाई, तू कोर्टात बोल, माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल. बिलासपूरच्या हायकोर्टात पहिली तारीख पडली आणि तारखेच्या आदल्या दिवशी तुला बराकीत नेलं. सरकारी वकील उभे राहिले आणि म्हणाले, बंदी निरंजन तर सर्वांबरोबर बराकीत आहे, तक्रार उरली कुठे? दोन ओळींत निकाल, याचिका निष्फल. त्या शब्दाचा अर्थ मला माहीत होता, पण मी तो मनावर घेतलाच नाही. मला एवढंच कळलं की तू त्या खोलीतून बाहेर आलास. मी तशीच पुरानी बस्तीत जाऊन महामायेची ओटी भरली, गल्लीत पेढे वाटले, आणि घरी येऊन तुमच्या अधीक्षकांना आभाराचं पत्र लिहिलं. आपल्या घरात कोणी काम केलं की आभार लिहायचे ही रीत आहे. तुझ्या आजोबांनी तर घरावर जप्ती घेऊन आलेल्या अधिकाऱ्यालाही, माणूस सौजन्यानं वागला म्हणून, नंतर पोस्टकार्ड टाकलं होतं. मी लिहिलं की आपल्या सहृदयतेबद्दल आम्ही सर्व कुटुंबीय आपले ऋणी आहोत. सुवाच्य अक्षर, शुद्ध हिंदी, खाली तारीख आणि सही. देवश्रीला सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला, पण का ते मला तेव्हा उमगलं नाही.

महिना पुरा व्हायच्या आत तू परत त्या खोलीत. कारण तेच, प्रशासनिक. आम्ही दुसरी याचिका केली. जेलच्या उत्तराला जोडलेल्या कागदांमध्ये सगळ्यात वर माझं आभाराचं पत्र! याचिकाकर्तीनं स्वतःच्या हातानं समाधान व्यक्त केलं आहे, तरी पुन्हा पुन्हा न्यायालयाचा वेळ घेते आहे, असं त्यांचं म्हणणं. मी मागच्या बाकावर बसून माझंच अक्षर सरकारी वकिलांच्या हातात फडफडताना बघत होते. काका माझ्या कानाशी कुजबुजले, ‘वहिनी, तुमाले कोनं सांगतलं होतं चिठ्ठ्या लिहाले?’ मला हसू आलं आणि रडूही आलं, पण कोर्टात दोन्हीची सोय नव्हती. या वेळीही तुला आदल्या दिवशीच बराकीत हलवलं होतं. याचिका परत निष्फल. मी पेढे आणले नाहीत आणि पत्रही लिहिलं नाही, तरी काही फरक पडला नाही. थंडी सुरू होता होता तू परत आत गेलास.

तुझ्या भेटीला येते त्या बसमध्ये बरेचदा भीमाबाई असते. तुला तिचं नाव मी सांगितलं होतं, पण तू तेव्हा नीट ऐकत नव्हतास, म्हणून परत सांगते. दुकालू, तुझ्या पलीकडच्या खोलीतला, तो तिचा नवरा. तुझ्या कितीतरी आधीपासून तो तिथे आहे. कोणत्या तरी भांडणात साक्ष दिली म्हणून त्याला जिवाला धोका आहे असं ठरलं आणि त्याला वेगळं ठेवलं. ज्यांच्यापासून धोका होता ती माणसं केव्हाच सुटून घरी गेली, तो तिथेच राहिला. भीमाबाई लांबून येते, कधी भेट मिळते, कधी दारावरूनच परत जावं लागतं. तू मला म्हणाला होतास की रात्री त्याचा खोकला ऐकू येतो. मी ते तिला सांगितलं तर तिचा चेहरा उजळला. ‘खाँसत हे न, दीदी? त बने हे,’ म्हणाली. खोकतो आहे म्हणजे ठीक आहे. दुसरी याचिका निकालात निघाली हे कळल्यावर तिनं मला विचारलं, ‘त हमर मन के का होही?’ मग आमचं काय होणार? मी म्हटलं, बघू. ऑफिसात आयुष्यभर मी लोकांना हेच उत्तर दिलं आणि लोक मान हलवून निघून जायचे. भीमाबाई गेली नाही, कारण बस सुटायला अवकाश होता. ती माझ्याकडे बघत बसली. मला त्या बाकावरून उठून जावंसं वाटलं, एवढं मी तुला प्रामाणिकपणे सांगते.

तिसरी याचिका देवश्रीनं वेगळी लिहिली. पहिल्या दोन वेळा आपण म्हणत होतो, निरंजनला बाहेर काढा. त्यांनी काढलं, आणि आपलं तोंड बंद झालं. या वेळी तिनं विचारलं की या खोल्यांमध्ये माणसांना कोणत्या नियमाखाली ठेवता, कोणाच्या सहीनं, किती काळासाठी, ठेवण्याआधी त्यांचं म्हणणं ऐकता का, आणि सध्या तिथे कोण कोण आहे. कैद्याला एकटं कोंडणं ही वेगळी शिक्षा आहे आणि ती जेलनं आपल्या मर्जीनं द्यायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं फार वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे. देवश्रीनं तो निकाल जोडला. जेलचं उत्तर आलं की हा एकांतवास नव्हेच, हा केवळ पृथक आवास आहे. आवास! वाचून मला वाटलं, आता दारावर पाटीही लावतील. पण या वेळच्या न्यायाधीशांना ते पटलं नसावं. ते सरकारी वकिलांना म्हणाले, पुढच्या तारखेला अधीक्षकांना नोंदींसकट हजर राहू द्या, सगळ्या खोल्यांच्या नोंदी. मी मागे बसून तो ‘सगळ्या’ शब्द ऐकला. बाहेर आल्यावर देवश्री व्हरांड्यात नुसती येरझाऱ्या घालत होती, एवढी ती खूश होती. ती पुढची तारीख म्हणजे येता मंगळवार. तोपर्यंत याचिका जिवंत राहिली पाहिजे, असं देवश्री म्हणते. ती मागे घेतली गेली तर त्या नोंदी कोणी मागणार नाही आणि कोणी दाखवणारही नाही.

मागच्या भेटीबद्दल लिहायचं की नाही याचा विचार करत होते. लिहिते. पहिल्यांदा परत आत गेलास तेव्हा तू जेवण टाकलं होतंस. दुसऱ्यांदा गेलास तेव्हा बोलणं टाकलंस, आणि मला वाटलं, रुसला असेल, पूर्वीसारखा. मागच्या भेटीत तू बोललास. पण मी प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर देत होतास, आणि मधेच थांबत होतास, कोणीतरी बोलतं आहे आणि त्याला पुरं करू द्यावं तसा. खोलीत शिपायाशिवाय कोणी नव्हतं आणि शिपाई तंबाखू मळत होता. मी काही झालंच नाही असं दाखवलं. तुला केळी दिली, काकांच्या शटरचा किस्सा सांगितला, तू योग्य जागी हसलासही. परतताना रायपूर आलं तरी मी बसमधून उतरले नाही, कंडक्टरनं हाक मारली तेव्हा उठले. मला तुझी भीती वाटली नाही, तुझ्यासाठी वाटली. ती अजून तशीच आहे, हे लिहितानाही आहे.

आणि काल, शनिवारी, जेलच्या ऑफिसातले मोठे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, घरी आले. माणूस अदबशीर, चपला बाहेर काढून आत आला, बाबांच्या फोटोला नमस्कार केला. काका दुकान सोडून आले होते. बाबूंनी चहा घेतला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि पिशवीतून एक टाइप केलेला कागद काढला. मी, प्रेमला, माझ्या मुलाच्या व्यवस्थेबाबत समाधानी असून याचिका मागे घेत आहे. सही केली की संध्याकाळी कैद्यांच्या गिनतीला तू बराकीत असशील, साहेबांचा शब्द आहे, आणि या वेळी कायमचा, असं ते म्हणाले. समास बरोबर होता, एकही चूक नव्हती. मी म्हटलं, कायमचा, ही ओळ यात घाला, मी सही करते. ते हसले. ‘माताजी, वो तो प्रशासनिक विषय है, वो काग़ज़ पर नहीं आता.’ काकांना राहवलं नाही. ‘वहिनी, काहून जिद्द करून राहिल्या तुमी? पोट्टा तिथं येडा होऊन राहिला अन् तुमी ओळी मोजून राहिल्या! करा सही अन् आणा त्याले बाहेर.’ काकांचे डोळे भरून आले होते. बाबूंनी स्वतःचं पेन उघडून माझ्या हातात दिलं.

मी सही केली नाही, निरंजन. हे सांगायलाच हे पत्र लिहायला बसले आणि इतकी पानं दुसरंच सांगत राहिले. काल संध्याकाळी तू बराकीत असतास, माणसांत जेवला असतास, कोणाच्या तरी घोरण्यावरून भांडला असतास. नाहीस, ते माझ्यामुळे. काका माझ्याशी बोलत नाहीत, तुझ्या पुढच्या भेटीला ते एकटेच येणार म्हणतात, आणि तुझ्या आईनं दार बंद ठेवलं असं तुला सांगतील. ते खरं आहे, पण ते तू आधी माझ्याकडून ऐकावंस असं मला वाटलं. दुकालूसाठी सही केली नाही असं लिहिलं तर मोठेपणाचं दिसेल, पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं हे की तुला आणखी एकदा बाहेर काढलेलं आणि आणखी एकदा परत कोंडलेलं मला बघवणार नाही, आणि तुलाही ते झेपणार नाही असं मला मागच्या भेटीत दिसलं. माझा अंदाज चुकला तर त्याची भरपाई मला करता यायची नाही, हेही मला माहीत आहे. मी नाही म्हटल्यावर आता ते तुझ्याकडे येतील. आईनं माझ्या मर्जीविरुद्ध याचिका केली, असा काहीतरी कागद असेल. तो तुझा हक्क आहे. अगदीच सोसवत नसेल तर कर सही, देवश्रीलाही मी तसं सांगून ठेवलं आहे, ती तुला एका शब्दानं अडवणार नाही. मग मी बराकीच्या भेटीला येईन, केळी आणेन आणि हा विषय जन्मात काढणार नाही. पण मला विचारशील, तर मंगळवारपर्यंत थांब. आतापर्यंत तुला बाहेर काढण्यासाठी मी ज्यांच्या ज्यांच्या पाया पडले त्यांतला एक माणूस काल खरोखर दार उघडायला आला होता, आणि मी त्याचं पेन त्याला परत दिलं. तो गेल्यावर मी त्याच खुर्चीवर बसून राहिले, आणि तुला दिसलं नाही तरी सांगते, खूप रडले.

तुझीच, आणि तुझ्या रागालाही तयार असलेली,
आई